नऊ दिवस, एक भाड्याची गाडी आणि युकातानचे रस्ते

गेल्या डिसेंबरमध्ये मी, माझी पत्नी आणि मुलगी अशा तिघांनी मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात स्वतः गाडी चालवत नऊ दिवसांचा प्रवास केला. पुढील परीक्षण त्या प्रवासासाठी कॅनकून विमानतळाजवळच्या एका स्थानिक कंपनीकडून घेतलेल्या गाडीचे आणि त्या कंपनीने दिलेल्या सेवेचे आहे. मी गोव्यात फोंड्याला गेली पंधरा वर्षे रेंट-अ-कॅबचा व्यवसाय करतो. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या सहा गाड्या पर्यटकांना भाड्याने देतो. गाडी देणाऱ्याच्या मनात काय चाललेले असते हे मला चांगले ठाऊक आहे. गाडी घेणाऱ्याच्या जागी मात्र मी या वेळी प्रथमच उभा राहिलो. या सेवेला मी पाचपैकी चार तारे देतो. चौथा तारा एका बाईंच्या पेनाने मिळवून दिला आणि पाचवा संकेतस्थळावरच्या एका आकड्याने घालवला, म्हणून दोन्हींविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

आधी कागदपत्रांविषयी थोडक्यात. मुलगी ह्यूस्टनला शिकते, आणि तिला भेटण्यासाठी काढलेला अमेरिकेचा व्हिसा आमच्या पासपोर्टवर होता. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीय नागरिकाला मेक्सिकोसाठी वेगळा व्हिसा लागत नाही, त्यामुळेच हा बेत जमून आला. गोव्यातल्या ज्या मंडळींनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आहे त्यांना तर एवढाही विचार करावा लागत नाही. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना फोंड्याच्याच वाहतूक कार्यालयातून मिळाला. तो एक वर्षासाठी असतो आणि मूळ परवान्यासोबतच दाखवायचा असतो. कंपनीने दोन्ही पाहिले, दोन्हींचे फोटो काढून घेतले. क्रेडिट कार्ड मात्र चालकाच्याच नावाचे लागते. आमच्या पुढे उभ्या असलेल्या एका जोडप्याचे कार्ड पत्नीच्या नावावर आणि परवाना पतीच्या नावावर होता. त्यांना अर्धा तास ताटकळावे लागले.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे पैसे आणि विमा. कंपनीच्या संकेतस्थळावर नऊ दिवसांचे भाडे १६२ डॉलर दाखवले होते. म्हणजे दिवसाला अठरा डॉलर. या दरात गाडी परवडत नाही हे धंद्यातल्या कोणत्याही माणसाला आकडा पाहताक्षणी कळते, आणि मलाही ते कळले होते. काऊंटरवर पोहोचल्यावर उरलेला हिशेब समोर आला. तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा तेथे सक्तीचा आहे, आणि तो त्या अठरा डॉलरांत धरलेला नव्हता. तो विमा, गाडीच्या नुकसानीचा आणि चोरीचा विमा आणि कायदेशीर साहाय्य असे सगळे मिळून दिवसाला आणखी ३४ डॉलर झाले. अखेरची रक्कम ४६८ डॉलर, म्हणजे चाळीस हजार रुपयांच्या आसपास गेली. जाहिरातीतल्या आकड्याच्या जवळजवळ तिप्पट.

या ४६८ डॉलरांविषयी माझी मुळीच तक्रार नाही, हे मी स्पष्टपणे नोंदवतो. नऊ दिवसांच्या गाडीला, पूर्ण विम्यासह, हा दर रास्त आहे. तक्रार आहे ती १६२ या आकड्याविषयी. जो विमा घेतल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर पडूच शकत नाही, त्याची रक्कम वगळून दर लावणे म्हणजे गिऱ्हाइकाला अपुरी माहिती देऊन बोलावणे होय. गोव्यातही हंगामात काही जण असेच करतात. फोनवर एक दर, विमानतळावर दुसरा. ते मला येथे पटत नाही आणि तेथेही पटले नाही. पाचवा तारा गेला तो याच कारणाने.

त्याचबरोबर, तो विमा घेऊ नये असा सल्ला कोणी देत असेल तर तो ऐकू नये, असेही मी कळकळीने सांगेन. मेक्सिकोत अपघातात कोणी जखमी झाले किंवा मालमत्तेचे मोठे नुकसान झाले, तर दोष कोणाचा आणि भरपाई कोण देणार हे ठरेपर्यंत पोलिस चालकाला ताब्यात ठेवू शकतात. तेथे परदेशी प्रवाशाची सुटका करतो तो तिसऱ्या पक्षाचा विमा आणि त्याच्यासोबतचे कायदेशीर साहाय्य. परदेशातल्या क्रेडिट कार्डावर मिळणारे भाड्याच्या गाडीचे संरक्षण सहसा गाडीच्या पत्र्यापुरतेच असते. समोरच्या माणसाला झालेल्या इजेचा त्यात समावेश नसतो. अपघात झालाच तर विमा कंपनीला फोन करायचा आणि तिचा प्रतिनिधी जागेवर येईपर्यंत आपापसात काही मिटवायचे नाही, ही तेथील पद्धत. हे सारे मला काऊंटरवरच्या बाईंनी समजावून सांगितले, आणि चौथ्या ताऱ्याची गोष्ट येथूनच सुरू होते.

त्या बाई पन्नाशीच्या असाव्यात. त्यांचे इंग्रजी बेताचे होते, परंतु घाई मुळीच नव्हती. करारपत्र त्यांनी आमच्याकडे फिरवले, खिशातले निळे पेन काढले आणि कागदाच्या कोऱ्या समासात एकेक गोष्ट लिहीत गेल्या. पहिल्यांदा त्यांनी विम्यात काय येत नाही ते लिहिले: टायर, चाकांची रिम, काचा, गाडीचा तळ आणि हरवलेली चावी. मग गाडीची नोंदणी दाखवणारे कार्ड कोणत्या कप्प्यात आहे ते दाखवले. त्यानंतर गाडी परत करण्याची तारीख आणि वेळ, १२ डिसेंबर, दुपारी बारा, याभोवती दोनदा वर्तुळ काढून त्यांनी त्याखाली लिहिले, ‘किंताना रोची वेळ.’ मला त्याचा अर्थ कळेना. तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवले आणि हाताने एक तास पुढे सरकवल्याची खूण केली.

कॅनकून ज्या राज्यात आहे ते किंताना रो राज्य २०१५ पासून शेजारच्या युकातान आणि कांपेचे या राज्यांच्या एक तास पुढे चालते. आमची अखेरची रात्र युकातान राज्यातल्या वायादोलिद गावात होती. तेथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा कॅनकूनला दहा वाजलेले असतात. करारानुसार एका तासाहून अधिक उशीर झाला तर पूर्ण दिवसाचे भाडे पडते. हा एक तास कित्येक प्रवाशांना नडत असणार. कंपनीला त्यातून पैसाही मिळत असेल. तरीही त्या बाईंनी न विचारता तो सांगितला. आपल्या कंपनीचे नुकसान करून गिऱ्हाइकाचे हित पाहणारा माणूस काऊंटरवर असणे ही कोणत्याही भाड्याच्या व्यवसायातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि पंधरा वर्षांच्या अनुभवावरून मी हे बोलतो.

गाडी निसान व्हर्सा होती. मेक्सिकोच्या रस्त्यांवर ही गाडी पावलोपावली दिसते; हिची आधीची पिढी आपल्याकडे सनी या नावाने विकली जात असे, त्यामुळे मला ती अगदीच अनोळखी नव्हती. ४० हजार किलोमीटर चाललेली, स्वयंचलित गिअरची, थंड हवा उत्तम देणारी, आणि तीन मोठ्या बॅगा सहज मावतील एवढी डिकी असलेली. मेक्सिकोत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात आणि स्टिअरिंग डावीकडे असते. प्रथमच जाणाऱ्याने स्वयंचलित गिअरचीच गाडी मागावी, कारण रस्त्याची बाजू सांभाळण्यात लक्ष गुंतलेले असताना उजव्या हाताने गिअर बदलण्याचा वेगळा भार नको. आपल्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजवीकडे असते, तेथे ती डावीकडे. पहिले दोन दिवस वळणावर इंडिकेटरऐवजी वायपर सुरू होतो. रस्त्याच्या बाजूची सवय होईपर्यंत मुलगी शेजारच्या आसनावरून प्रत्येक चौकात ‘बाबा, उजवीकडून’ असे आठवण करून देत होती आणि तिचा मला फार उपयोग झाला.

आम्ही कॅनकूनहून तुलुम, तेथून दक्षिणेला बाकालार, मग पश्चिमेला वळून १८६ क्रमांकाच्या महामार्गाने एस्कार्सेगा, समुद्रकाठाने कांपेचे, उश्माल, मेरिदा, इसामाल, चिचेन इत्सा, वायादोलिद आणि परत कॅनकून, असे वर्तुळ पूर्ण केले. सगळे मिळून सुमारे पंधराशे किलोमीटर झाले. मेक्सिको म्हणताच आपल्याकडे लोकांच्या मनात भीती येते, आणि त्या देशाच्या काही भागांपुरती ती रास्तही आहे. परंतु युकातान हा भाग त्या मानाने शांत समजला जातो आणि आमचा अनुभवही तसाच आला. रस्त्यात चार ठिकाणी लष्कराच्या किंवा नॅशनल गार्डच्या तपासणी चौक्या लागल्या. कोठून आलात, कोठे जाणार, एवढेच त्यांनी विचारले. एका चौकीवर ‘इंदिया’ म्हटल्यावर जवानाने हात जोडून नमस्कार केला.

रस्त्यांवर सावध राहावे असे खरे एकच कारण आहे, आणि ते म्हणजे गतिरोधक. स्पॅनिशमध्ये त्याला ‘तोपे’ म्हणतात. गावाच्या वेशीवर, शाळेपुढे, इगर्जीपुढे म्हणजे चर्चपुढे, आणि पुष्कळदा कोणतेही कारण दिसत नसताना रस्त्याच्या मध्येच हे तोपे असतात. कोठे पिवळा रंग असतो, कोठे पाटी असते, आणि कोठे झाडाच्या सावलीत काळ्या डांबरावर काळाच उंचवटा असतो. आपल्या गावातले गतिरोधक आपल्याला पाठ असतात, तेथले नसतात. म्हणून कंपनीच्या बाईंनी समासात लिहिलेली आणखी एक ओळ मी जशीच्या तशी पाळली: सूर्य मावळल्यावर गाडी शहराबाहेर काढायची नाही. अंधारात तोपे दिसत नाहीत, दिवा नसलेल्या सायकली दिसत नाहीत आणि गुरे दिसत नाहीत.

तोप्यांचा एक चांगला गुणही सांगितला पाहिजे. गाडी तेथे थांबल्यासारखी होते, म्हणून विक्रेतेही तेथेच उभे असतात. आपल्याकडे पावसाळ्यात रस्त्याकडेला चिबूड घेऊन बसतात तशा तेथे बायका सोललेल्या संत्र्यांच्या पिशव्या घेऊन उभ्या असतात, आणि वर लाल तिखट भुरभुरून देतात. युकातानमध्ये गोड संत्र्याला ‘चीना’ म्हणतात. पत्नीने पहिल्या पिशवीनंतर प्रत्येक गावात ती मागितली.

माझे वडील पोर्तुगीज अमदानीत सेगुंद ग्रावापर्यंत, म्हणजे प्राथमिक शिक्षणाच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत, शिकले होते, आणि घरात त्यांच्या तोंडून ऐकलेले शब्द मला या प्रवासात अनपेक्षितपणे उपयोगी पडले. ‘कुइदादो’, म्हणजे सांभाळा, हा शब्द पोर्तुगीजमध्ये आणि स्पॅनिशमध्ये जवळजवळ एकच आहे. धोक्याला ते ‘पेरिगो’ म्हणत, तेथील पाटीवर ‘पेलिग्रो’ असते; आपला ‘पोंत’, म्हणजे पूल, तेथे ‘पुएंते’ होतो आणि आपली ‘इगर्ज’ तेथे ‘इग्लेसिया’. थांबण्याच्या लाल अष्टकोनी पाटीवर मात्र ‘आल्तो’ लिहिलेले असते, ते शिकूनच जावे लागते. ‘क्वोता’ म्हणजे टोलचा रस्ता आणि ‘लिब्रे’ म्हणजे बिनटोलचा, हे दोन शब्द तर चालकाने पाठच करावेत, कारण महामार्ग जेथे फुटतो तेथे पाटीवर एवढेच लिहिलेले असते.

मेरिदा आणि कॅनकून यांना जोडणारा १८० डी हा टोलरस्ता अतिशय उत्तम आहे: सरळ, रिकामा आणि ताशी ११० किलोमीटर वेगाची मुभा असलेला. टोल चांगलाच महाग आहे, आणि आमच्या गाडीवर टॅग नसल्यामुळे तो रोख पेसोंत भरावा लागला. गाडीवर टॅग लावून नंतर हिशेब करण्याची सोय कंपनीला सहज करता आली असती. टोलची पावती जपून ठेवावी, कारण त्या रस्त्यावर काही घडल्यास प्रवाशाचा विमा तिच्यात अंतर्भूत असतो. बिनटोलचा रस्ता गावांतून जातो, वेळ दुप्पट लागतो, पण लोक दिसतात. आम्ही इसामालहून पुढे मुद्दाम त्याच रस्त्याने गेलो.

पेट्रोल पंपावर स्वतः काही करावे लागत नाही. हिरव्या नळीतून साधे आणि लाल नळीतून प्रीमियम पेट्रोल मिळते. ‘येनो’ म्हटले की टाकी पूर्ण भरतात. मीटर शून्यावर आहे की नाही हे पाहायचे, आपल्या पंपावर पाहतो तसेच, आणि भरणाऱ्या मुलाला पाच-दहा पेसो द्यायचे. आम्हाला लिटरला साधारण २४ पेसो पडले, म्हणजे गोव्याच्या दरापेक्षा जास्तच. तुलुमच्या दक्षिणेला आणि १८६ वर पंप विरळ आहेत. टाकी अर्धी झाली की भरावी, हे बरे.

पंक्चर झाले ते याच १८६ वर, शपुहील गाव सोडून आम्ही बेकानचे अवशेष पाहून निघालो त्यानंतर. बेकानला माया लोकांनी नगराभोवती खोदलेला खंदक आजही दिसतो, आणि ते पाहून आम्ही प्रसन्न मनाने पुढे निघालो होतो. दुपारचे दोन वाजले होते. दोन्ही बाजूंना जंगल. डिकी उघडून स्टेपनी काढली तर तिच्यात हवाच नव्हती; अंगठ्याने दाबले तर रबर आत जात होते. येथे मी कंपनीला दोष देतो आणि तो सौम्य शब्दांत देणार नाही. गाडी बाहेर पाठवण्यापूर्वी स्टेपनीची हवा तपासणे हे भाड्याच्या व्यवसायातले अगदी पहिले काम आहे. मी माझ्या गाड्यांच्या बाबतीत ते स्वतः करतो, दुसऱ्यावर सोपवत नाही. कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन ताबडतोब उचलला गेला, हे खरे; परंतु माणूस पोहोचायला तीन तास लागतील असे उत्तर मिळाले.

तीन तास थांबण्याची वेळ आली नाही. पंचवीस-तीस मिनिटांनी एक हिरवा पिकअप ट्रक आमच्या मागे येऊन थांबला आणि हिरव्या गणवेशातले दोन तरुण उतरले. हे ‘आंखेलेस वेर्देस’, म्हणजे हिरवे देवदूत. मेक्सिकोच्या पर्यटन खात्याची ही रस्त्यावरची मदतसेवा १९६० पासून सुरू आहे. तिच्या गाड्या दिवसा महामार्गांवर फिरतात, ०७८ या क्रमांकावर बोलावताही येतात, आणि मदतीचे शुल्क घेत नाहीत. एकाने रस्त्यावर मागे शंकू मांडले. दुसऱ्याने आपल्या छोट्या कॉम्प्रेसरची नळी स्टेपनीला लावली, हवा भरली, थुंकी लावून व्हॉल्व्ह तपासला, अगदी आपल्याकडचा पंक्चरवाला तपासतो तसा, आणि दहा मिनिटांत चाक बदलून दिले. इतकेच नव्हे, तर पुढच्या वस्तीपर्यंत ते आमच्या मागे मागे आले. तेथे एका टपरीवर जुन्या टायरावर पांढऱ्या रंगात ‘वुल्कानिसादोरा’ असे लिहिलेले होते. व्हल्कनायझिंगच्या पाट्या वाचत मोठा झालेल्या माणसाला याचा अर्थ विचारावा लागत नाही. पंक्चरचे शंभर पेसो झाले. त्या दोन तरुणांना पैसे देऊ केले तर त्यांनी हसून नकार दिला. मुलीने आग्रहाने दिलेली काजूची पुडी मात्र घेतली. काजूचे झाड मुळात अमेरिका खंडातून, पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आले, हे मला त्यांना सांगायचे होते, पण तेवढे स्पॅनिश मजपाशी नव्हते.

भाड्याच्या गाडीचा खरा लाभ कोणता, असे मला कोणी विचारले तर मी सकाळचे आठ वाजण्याची वेळ सांगेन. चिचेन इत्सा या प्राचीन माया नगरीच्या अवशेषांशेजारच्या पिस्ते गावात आम्ही रात्री राहिलो आणि सकाळी अवशेषांचे दार उघडताच आत गेलो. कॅनकूनहून येणाऱ्या पर्यटकांच्या बसगाड्या पोहोचण्यापूर्वीचे ते दोन तास आम्हाला मिळाले. कुकुल्कानच्या पिरॅमिडला चार बाजूंनी प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि वरची एक, अशा ३६५ होतात, हे वाचले होते. परंतु रिकाम्या पटांगणात उभे राहून टाळी वाजवल्यावर त्या पायऱ्यांवरून पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा जो प्रतिध्वनी येतो, तो गर्दीत ऐकू येणार नाही. पिरॅमिडवर चढू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तिकिटाचे दोन भाग असतात, एक राज्याचा आणि एक केंद्राचा. रोख पेसो जवळ असावेत. उश्माल हे दुसरे माया नगर त्याहून शांत आहे आणि माझ्या मते त्याहून सुंदर. तेथील गोलसर कोपऱ्यांचा उंच पिरॅमिड दुपारच्या उन्हात मधाच्या रंगाचा दिसतो.

इसामाल हे गाव पिवळ्या रंगात रंगवलेले आहे, घरे, दुकाने, मठ, सगळेच. पणजीत फोंतैन्याशच्या रंगीत घरांच्या गल्ल्यांत वाढलेल्या माझ्या पत्नीला तेथून निघवेना. ‘अहो, आणखी एक फेरी मारूया,’ असे तिने तीनदा म्हटले आणि तीनदा आम्ही मारली. बसच्या सहलीत हे शक्य झाले नसते.

युकातान राज्यातल्या चार दिवसांत आम्ही एकही नदी ओलांडली नाही, हे गोव्यातल्या माणसाच्या लगेच ध्यानात येते. तेथील जमीन चुनखडीची. पाऊस झिरपून खाली जातो आणि पाणी भूमीच्या पोटातून वाहते. छत कोसळलेल्या ठिकाणी जे नैसर्गिक डोह उघडे पडतात त्यांना सेनोते म्हणतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जो अशनी आदळला त्याच्या विवराच्या कडेने सेनोतेंची एक कमान आहे. वायादोलिदच्या आसपास गाडीने पंधरा-वीस मिनिटांत आपण अशा डोहांपाशी पोहोचतो. जेवणाविषयी एवढेच सांगतो की केळीच्या पानात गुंडाळून शिजवलेले डुकराचे मांस, म्हणजे कोचिनिता पिबिल, चुकवू नये. आणि सोमवार पाळणाऱ्यांनी घेवड्याची उसळ दिसली तरी ती डुकराच्या चरबीत परतलेली नाही ना, हे विचारून घ्यावे.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जाणाऱ्या चालकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आम्ही गाडी घेतली तो दिवस ३ डिसेंबर, म्हणजे जुन्या गोव्याच्या सेंट झेवियरच्या फेस्ताचा, सणाचा. परत केली १२ डिसेंबरला, तो ग्वादालूपेच्या मातेचा सण. त्या सणासाठी गावोगावचे तरुण पेटती मशाल हातात घेऊन महामार्गावरून पाळीपाळीने धावत आपल्या गावी परततात. मागे फुलांनी आणि तसबिरीने सजवलेला ट्रक असतो, सोबत सायकली असतात. कांपेचेपासून पुढे रोज असे जथे भेटले. मेरिदाच्या अलीकडे एका जथ्यामागे आम्ही सात-आठ किलोमीटर ताशी दहाच्या वेगाने चाललो, आणि कोणीही भोंगा वाजवला नाही. सर्वांत पुढे एक दहा-बारा वर्षांची मुलगी अनवाणी धावत होती, मशाल तिच्या डोक्याहून उंच होती, आणि दर काही पावलांनी शेजारचा माणूस तिच्या हाताखाली आपला हात धरून बरोबर धावत होता. जुन्या गोव्याच्या नोव्हेनाला, म्हणजे फेस्तापूर्वीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, पायी येणारी माणसे आणि आपल्या गावांतून पंढरीला निघणाऱ्या दिंड्या मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. गाडीत कोणी बोलत नव्हते. करारपत्राच्या समासात त्या बाईंनी याविषयीही लिहिले होते: ‘धावणारे. हळू.’

परतीच्या दिवशी पहाटे वायादोलिदला फटाक्यांनी जाग आली. गाडीच्या घड्याळात आठ वाजले असताना, म्हणजे कॅनकूनच्या नऊ वाजता, आम्ही निघालो आणि वाटेत पेट्रोल भरून साडेअकराला कंपनीच्या आवारात पोहोचलो. गाडी तपासणाऱ्या तरुणाने पुढच्या डाव्या चाकाच्या रिमवर एक ओरखडा दाखवून १,८०० पेसो मागितले. रिम विम्यात येत नाही, हे त्यालाही ठाऊक होते आणि मलाही. गाडी ताब्यात घेताना मी चारही चाकांचे, छताचे, काचांचे आणि आतल्या आसनांचे चित्रीकरण केले होते. त्यात तो ओरखडा स्पष्ट दिसत होता. तरुणाने ते पाहिले, माफी मागितली आणि मागणी मागे घेतली. त्याने हुज्जत घातली नाही ही चांगली गोष्ट, परंतु जुन्या ओरखड्याची नोंद कंपनीच्या स्वतःच्या कागदावर असायला हवी होती. गिऱ्हाइकाने चित्रीकरण केले नसते तर काय, हा प्रश्न उरतोच. कार्डावर अडकवून ठेवलेली ३०० डॉलरांची अनामत बाराव्या दिवशी मोकळी झाली, तोपर्यंत आम्ही फोंड्याला पोहोचलो होतो.

पुन्हा गेलो तर याच कंपनीची गाडी घेईन. फक्त आधी पत्र लिहून सर्व विम्यासह एकूण रक्कम लेखी मागवीन, गाडी घेताना स्टेपनीची हवा स्वतः तपासेन आणि टोलसाठी सुट्टे पेसो वेगळे ठेवीन. निघण्यापूर्वी मी त्या बाईंना भेटायला आत गेलो होतो, पण सणाचा दिवस असल्याने त्या रजेवर होत्या. करारपत्राची ती प्रत, समासातल्या निळ्या अक्षरांसह, मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. गोव्यात आता दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ झाले आहेत, आणि गाडी एका ठिकाणी परत करायची असताना दुसऱ्या ठिकाणी पोहोचलेले प्रवासी मी पाहिले आहेत. जानेवारीपासून मी प्रत्येक करारपत्रावर परतीच्या विमानतळाचे नाव छापील ओळीखाली पुन्हा पेनाने लिहितो, त्याभोवती दोनदा वर्तुळ काढतो, आणि कागद गिऱ्हाइकाकडे फिरवून मगच चावी देतो.